महिरपी कंसाची बखर

बँकेत माणसाची किंमत दोन गोष्टींवरून कळते. एक, त्याच्या खुर्चीला दोन्ही हात आहेत की नाहीत. आणि दोन, लोक त्याला काय म्हणून हाक मारतात. माझ्या खुर्चीचा डावा हात एका ऑडिटच्या धामधुमीत निखळला तो निखळलाच. पण हाकेच्या बाबतीत माझी तक्रार नव्हती. अकाली टक्कल पडल्यामुळं पस्तिशीतच मी अख्ख्या शाखेचा काका झालो होतो, आणि काका म्हटलं की माणूस आपोआप अहो-जाहोत जातो. म्हणून २०१७ सालच्या पावसाळ्यात एके सकाळी आमचे चोवीस वर्षांचे नवे साहेब माझ्या खांद्यावरून पडद्याकडं वाकून बघत जेव्हा म्हणाले, “काका, अरे...” तेव्हा माझ्या कानशिलं तापली.

“साहेब,” मी म्हटलं, “तुम्ही अधिकारी असाल, पण वयाचा काही मान...”

“अहो काका, अरे नाही. ॲरे! ॲरे फॉर्म्युला लावा म्हणतोय.”

माझ्या आणि ॲरे फॉर्म्युल्याच्या संबंधांची सुरुवात अशी भांडणानं झाली. पुढं लग्नासारखंच झालं; भांडणं राहिली, पण सोडता येईना.

आता हे सूत्र डोंगरकड्यात कशाला हवं होतं, ते सांगायला पाहिजे. डोंगरकडा हे हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यातलं गाव. मी कॉलेजात असताना हे सगळं परभणी जिल्ह्यात होतं; १९९९ सालच्या ३० एप्रिलला लोक परभणी जिल्ह्यात झोपले आणि १ मे रोजी हिंगोली जिल्ह्यात उठले. कूस न बदलता जिल्हा बदलण्याचं भाग्य फार थोड्यांना मिळतं. इथं केळी आहे, हळद आहे, ऊस आहे, आणि ज्याअर्थी ही तिन्ही पिकं आहेत त्याअर्थी कर्जही आहे. २०१७च्या जूनमध्ये राज्य सरकारनं छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणली. दीड लाखापर्यंतचं थकीत पीककर्ज माफ. मात्र दीड लाख माणशी नव्हे, कुटुंबामागं. आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं. थकबाकी दीड लाखाच्या वर गेली तर वरचे पैसे आधी भरायचे, मग दीड लाख माफ. त्याला एकवेळ समझोता असं भारदस्त नाव होतं.

ह्या योजनेसाठी बँकांकडून जी माहिती मागवली तिचे रकाने होते ६६. सहासष्ट! माझ्या लग्नात मुलीकडच्यांनीसुद्धा इतक्या चौकश्या केल्या नव्हत्या. त्या काळात मराठवाड्यातल्या कारकुनांची झोप उडाली ती ह्या रकान्यांनी. माझ्या वाट्याला ४१२ खाती आली. सोयीसाठी मी शेजारी स्वतःचा एक तक्ता केला, प्रत्येक घराला एक नंबर दिला, आणि एका घरातल्या सगळ्यांची थकबाकी मिळून किती, हे काढायला बसलो. बसलो म्हणजे कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. साहेबांनी जे पाहिलं ते हे दृश्य.

वाचकांत एखादा भाग्यवान असा असेल की ज्याला एक्सेलशी कधी गाठ पडली नाही. त्याच्यासाठी सांगतो. साधं सूत्र म्हणजे गावात एका घराचं दार वाजवून “तुमचे किती?” असं विचारणारा कोतवाल. ॲरे सूत्र म्हणजे दवंडी. चावडीवर एकदाच पिटायची आणि सगळ्या गल्लीनं एकदम उत्तर द्यायचं. ‘ह्या घर-नंबरचे जे कोणी असतील त्यांनी आपापली थकबाकी पुढं करावी’ असं अख्ख्या रकान्याला सांगायचं, आणि जमेल ती बेरीज एका खान्यात घ्यायची. फक्त सूत्र लिहून झाल्यावर नुसतं एंटर दाबायचं नाही. एका हातानं कंट्रोल आणि शिफ्ट दाबून धरायचं आणि मग एंटर. तसं केलं की सूत्राभोवती आपोआप महिरपी कंस उमटतात, देवघराला महिरप असावी तसे. ते हातानं काढून चालत नाहीत. मी काढून पाहिले. सूत्र मुकं झालं आणि खान्यात नुसतं अक्षरांसारखं पडून राहिलं.

साहेबांनी हे सगळं दीड मिनिटात सांगितलं आणि चहाला गेले. मी जर-तरचं सूत्र लिहिलं, खाली ओढलं, आणि सवयीनं नुसतं एंटर दाबलं. पाहतो तर पहिल्याच शेतकऱ्याच्या घरावर कर्ज तीन कोटी अठरा लाख चाळीस हजार. मी घाबरून दुसऱ्याकडं पाहिलं. त्याच्यावरही तेवढंच. तिसरी एक विधवा बाई होती, तिच्यावरही तेवढंच. महिरप नसल्यामुळं सूत्रानं फक्त आपल्या ओळीपुरती खातरजमा केली होती, ‘हा माणूस ह्याच घरचा ना? हो’, आणि तेवढ्या भांडवलावर अख्ख्या रकान्याची बेरीज त्याच्या गळ्यात मारली होती. चारशे बारा माणसं, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर सगळ्या यादीचं कर्ज! डोंगरकड्याचं देणं असं मोजलं असतं तर रिझर्व्ह बँकेला गादी सोडून यावं लागलं असतं.

त्या रात्री मला झोप येईना, तेव्हा हे लचांड जगात आणलं कुणी, ह्याचा शोध मी घेतला. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला शत्रूचं कूळ माहीत असावं लागतं.

तर दोष एका फळ्याचा आहे. १९७८ साली अमेरिकेत हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये डॅन ब्रिक्लिन नावाचा विद्यार्थी वर्गात बसला होता. गुरुजी फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडत होते. मधला एक आकडा चुकला की त्याच्यावर अवलंबून असलेले पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहायचे. आमच्याकडं असं झालं की मुलं आनंदानं बाहेर बघतात. ब्रिक्लिननं मात्र मनात आणलं की एक आकडा बदलला की बाकीचे आपले आपण बदलावेत. बॉब फ्रँकस्टन ह्या मित्राला बरोबर घेऊन त्यानं १९७९ साली व्हिजिकॅल्क बाजारात आणलं. त्याला ६३ रकाने आणि २५४ ओळी होत्या. म्हणजे आमच्या योजनेचे ६६ रकाने त्यात बसलेच नसते. सरकारला तीन प्रश्न कमी विचारावे लागले असते. मग १९८३ला लोटस १-२-३ आलं, १९८५ला मॅकिंटॉशवर एक्सेल, १९८७ला ते विंडोजवर. २००७च्या एक्सेलमध्ये १६,३८४ रकाने आणि दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तर ओळी झाल्या, आणि कारकुनाच्या मोक्षाची आशा मावळली.

अख्ख्या रकान्याला एकदम हाक मारण्याची कल्पना आणखी जुनी. केनेथ आयव्हर्सन नावाच्या कॅनडातल्या गणितज्ञानं १९६२ साली पुस्तक लिहून अशी एक लिपीच मांडली की एका चिन्हात आकड्यांची पलटण हलावी. त्याच्याही आधी, १८५० साली, सिल्व्हेस्टर ह्या इंग्रज पंडितानं आकड्यांच्या आडव्या-उभ्या मांडणीला मॅट्रिक्स असं नाव दिलं. आमच्या घराण्यात मॅट्रिक म्हणजे जिथं दोन पिढ्या अडकून पडल्या ती जागा, तेव्हा ह्या नावाबद्दल मला आश्चर्य वाटलं नाही.

परंतु हे सगळं वाचून झाल्यावर मला आठवलं ते खानदेशातलं पाटण. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला १२०७ साली दान मिळालं, त्याची ही नोंद. भास्कराचार्य १११४चे; लीलावती ११५०च्या सुमाराची. आणि लीलावतीत पंचराशिक आहे. आता हा पंचराशिकाचा प्रकार ज्यानं शाळेत केला नसेल त्यानं जरा खुर्ची पुढं ओढावी, कारण मला स्वतःला तो पाहून उठून उभं राहावंसं वाटलं.

गणित साधं आहे. शंभराला महिन्याचं व्याज पाच, तर सोळाला वर्षाचं किती? (दरमहा शेकडा पाच, म्हणजे सालाचे साठ टक्के. बाराव्या शतकातला सावकारही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता.) आचार्य काय करतात? दोन रकाने मांडतात. डावीकडं माहीत असलेली बाजू : एक महिना, शंभर रुपये, पाच व्याज. उजवीकडं विचारलेली बाजू : बारा महिने, सोळा रुपये, आणि व्याजाची जागा मोकळी. मग डावीकडचं फळ, म्हणजे ते पाच, उचलून उजवीकडच्या मोकळ्या जागी ठेवायचं. उजवा रकाना अख्खा एकदम गुणायचा : बारा सोळे एकशे ब्याण्णव, पाचानं नऊशे साठ. डावा अख्खा एकदम गुणायचा : शंभर. भागलं की नऊ आणि तीन पंचमांश. सप्तराशिक, नवराशिक आलं तर रकाने लांबवायचे, रीत तीच. आमचे साहेब ज्याला ॲरे म्हणत होते ते आठशे वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या डोंगरात दोन उभ्या रेघांत मांडून झालं होतं, आणि कंट्रोल-शिफ्ट न दाबता.

इतकं लांब तरी कशाला जायचं? आमच्या भागात निजामाचं राज्य १९४८च्या सप्टेंबरपर्यंत होतं. बाजारात निजामाचा हाली सिक्का चालायचा आणि पलीकडं वऱ्हाडात इंग्रजांचा कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार असा साधारण भाव. आणि रुपयाचे सोळा आणे, आण्याचे बारा पै. दशमान नाणी आली ती १९५७च्या एप्रिलात. म्हणजे नांदेडहून उमरखेडला बैल विकायला निघालेल्या माणसाला रस्त्यात भाकरी खाताना सात आणि सहाचं, सोळा आणि बाराचं गुणोत्तर एकाच वेळी सोडवावं लागे. म्हणून तर पोरांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि साडेतिनाची औटकी घोकून घेत. पाढ्याची उभी ओळ म्हणजे तरी काय? एक ते तीस ह्या अख्ख्या रकान्याला एकदम मारलेली हाक. माझे आजोबा भरल्या पंगतीत औटकी म्हणून दाखवत. आम्ही त्यांना हसत होतो. आता त्यांचा नातू साडेतीन वेळा एंटर दाबतो आणि चुकतो.

आणि बँक? बँक तर जन्मापासून ॲरे सूत्रावर चाललेली आहे. फक्त तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या पहिल्या शाखेत निवृत्तीला टेकलेले एक हेडक्लार्क होते. खतावणीच्या काळातले. १९८४च्या रंगराजन समितीनं बँकांत यंत्रं आणायला सांगितली, तेव्हा दारात उभे राहून घोषणा दिलेल्यांपैकी. त्यांच्या हातचं खतावणीचं पान मी पाहिलं आहे. शिल्लक, ती किती दिवस राहिली, आणि दोन्हींचा गुणाकार, ज्याला बँकेत प्रॉडक्ट म्हणतात. सगळ्या प्रॉडक्टांची बेरीज, गुणिले दर, भागिले छत्तीस हजार पाचशे. एक्सेलमध्ये ह्याच करामतीला समप्रॉडक्ट म्हणतात आणि तिला महिरपही लागत नाही. हेडक्लार्कांना लागत असे फक्त एक पेन्सिल आणि कानामागं ती अडकवायला कान.

बचत खात्याची तऱ्हा त्याहून न्यारी. ३१ मार्च २०१० पर्यंत बचतीवरचं व्याज मिळायचं ते महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर. म्हणजे बँक सगळ्या रकान्याला विचारायची, ‘दहा तारखेनंतरचे कोण कोण? त्यातला सर्वांत गरीब कोण?’, आणि त्याला हाताला धरून व्याज द्यायची. अकरा तारखेला पगार भरणाऱ्याचा तो महिना फुकट जायचा. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकेवर व्याज सुरू झालं. एक्सेलच्या भाषेत बोलायचं तर एका रात्रीत सगळा देश ‘मिन-इफ’मधून ‘समप्रॉडक्ट’मध्ये गेला. कुणी फटाके वाजवले नाहीत. खातेदाराला वाटलं, व्याज जरा बरं पडलं यंदा.

हे सगळं उमगल्यावर दुसऱ्या दिवशी मी भास्कराचार्यांचा वारस असल्यासारखा शाखेत शिरलो. साहेबांच्या देखत कंट्रोल, शिफ्ट, एंटर दाबलं. महिरप उमटली, घराघराची बेरीज झाली. साहेब म्हणाले, “बघा काका, जमलं की!” मी शिपाईमामांना चहा सांगितला.

पुढच्या आठवड्यात वरून निरोप आला की तक्त्यात अमुक रकाना मध्ये घाला. मी घातला, आणि सूत्रही जरा तालेवार केलं. जर-तर काढून टाकलं, सरळ गुणाकार लावला. साहेबांना दाखवायला नको का? बदल केला आणि पुन्हा तेच. बोटाला लागलेलं जुनं वळण. नुसतं एंटर. महिरप गळून पडली. पण ह्या वेळी कोटीचे आकडे आले नाहीत. आकडे कसे अगदी सालस, घरंदाज आले. ज्याअर्थी ते बरोबर दिसत होते त्याअर्थी मी त्यांना बरोबर मानलं. सूत्रातली खोड सांगतो : महिरपीशिवाय हा गुणाकार फक्त आपल्या ओळीत बघतो. मागच्या खेपेला प्रत्येकाच्या डोक्यावर साऱ्या गावाचं कर्ज होतं. आता ज्याचं त्याच्या डोक्यावर. घराचं कुणाच्याच नाही.

आणि त्याच दुपारी ते आले. साठीला आलेले, फेटा, हातात कापडी पिशवी, पिशवीत दोघांची पासबुकं आणि आधार कार्डं. दर बाजारच्या दिवशी यायचे. थकीत नवऱ्याचं ९६,४०० आणि बायकोचं ७१,२००.

“लागलं का नाव सायेब?”

मी पडद्याकडं पाहिलं. शहाण्णव हजार, दीड लाखाच्या आत. एकाहत्तर हजार, दीड लाखाच्या आत. “दोघांचंही बसतंय,” मी म्हटलं. ह्या वाक्यासाठी ते किती खेपा घालून गेले होते हे मला ठाऊक होतं. त्यांनी पासबुकं काढून कपाळाला लावली आणि पुन्हा पिशवीत ठेवली.

संध्याकाळी शाखा मिटताना मी तक्ता सहज वरपासून खालपर्यंत पाहिला, आणि पोटात गोळा आला. ‘स्वतःची थकबाकी’ आणि ‘घराची थकबाकी’ हे दोन रकाने जुळ्या भावांसारखे तंतोतंत एक होते. चारशे बारा ओळी आणि एकाही घरात दोन कर्जदार नाहीत? डोंगरकड्यात? मी सूत्रावर टिचकी मारली. कंस नव्हते. कंट्रोल, शिफ्ट, एंटर. त्या ओळीत आकडा उमटला १,६७,६००.

यादी वर जायची होती, ती दुरुस्त करून गेली. म्हणजे कागदोपत्री काहीच बिघडलं नाही. बिघडलं होतं ते बाहेर, कारण एका माणसानं घरी जाऊन बायकोला सांगितलं असणार.

पुढच्या बाजाराला ते आले तेव्हा मी त्यांना आत बोलावून बसवलं. आमच्याकडं ग्राहकाला आत बसवलं की तो आधीच ओळखतो.

“तुमचं दोघांचं मिळून धरावं लागतं,” मी म्हटलं. “एक लाख सदुसष्ट हजार सहाशे होतात. वरचे सतरा हजार सहाशे आधी भरा, मग दीड लाख माफ.”

“आन् त्या दिवशी तुमीच म्हणले ना दोघांचं बी बसतंय?”

“त्या दिवशी सूत्र चुकलं होतं.”

ते बराच वेळ माझ्या खुर्चीच्या नसलेल्या हाताकडं बघत राहिले. “मंग त्या दिवशीचंच सूत्र बरं व्हतं की सायेब.”

मी बोलून दिवस काढणारा माणूस आहे, पण मला उत्तर सुचलं नाही. त्यांनीच विचारलं, “काय चुकलं व्हतं?”

“दोन बटणं दाबायची राहिली.”

“दोन बटनाचे सतरा हजार सहाशे?” ते म्हणाले. रागानं नाही, हळदीचा भाव विचारावा तसं. आणि पिशवी घेऊन निघून गेले.

त्या वर्षी केळीला भाव नव्हता. सतरा हजार सहाशे काही जमले नाहीत. योजनेची मुदत वाढत होती, पुन्हा वाढत होती, आणि दर बाजाराला ते काउंटरसमोरून जाताना माझ्याकडं न बघता जायचे. मी मात्र तिकडंच बघायचो. त्या दिवसांत महिरप आहे की नाही हे तपासल्याशिवाय मी तक्ता मिटत नसे. मिटला तरी पुन्हा उघडून बघे. गॅसचं बटण तपासणारी माणसं असतात ना, तसं.

आणि मग २०१८ साल उजाडलं. त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. सप्टेंबरात मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं की एक्सेलच्या नव्या अवतारात ॲरेसाठी कंट्रोल-शिफ्टची गरज नाही. नुसतं एंटर दाबलं की उत्तर आपोआप शेजारच्या खान्यांत सांडेल. आमच्या शाखेतल्या संगणकापर्यंत तो अवतार यायला बराच अवकाश होता, पण बातमी वाचून मी एकटाच हसलो. दुसरी गोष्ट त्याच्या आधीची, पावसाळ्यातली. सरकारनं कर्जमाफीत कुटुंबाची अट बदलली. आता दीड लाख कुटुंबामागं नव्हे, कर्जदार माणसामागं. नवऱ्याचं वेगळं, बायकोचं वेगळं.

पुढच्या बाजाराला मीच उठून काउंटरच्या बाहेर गेलो आणि त्यांना गाठलं. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पिशवीतली पासबुकं चाचपली, आणि मला म्हणाले, “आता कोन्तं सूत्र लावलं?”

“ते त्या दिवशीचंच.”

ते वर्षभरानं पहिल्यांदा हसले.

“बटनं किती दाबली?”

“एकच,” मी म्हटलं.